बारकूशेठचा वायरवाला रिमोट

मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या दुकानात गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या वस्तूला हात लावला, की बारकूशेठ स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या बोटांवर आपटायचा. हलकेच नाही, चांगली लागेल अशी. टीव्ही दुरुस्तीबरोबर तो गेमचे रिमोटही विकायचा, आणि विकण्याआधी उलटतपासणी घ्यायचा. "गेम नवा का जुना? खेळनार कोन?" उत्तर पटलं नाही तर "ठेव तिथं नि चालता हो." मला तो माणूस पहिल्या दिवशीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

मी गेलो होतो वडिलांसाठी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हातात हळूहळू जीव येत होता. अंगठा हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वडील धरणावर नोकरीला होते, तेव्हा भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही बापलेक टीव्हीला कॅसेटचा गेम जोडून खेळायचो. खड्ड्यांवरून उड्या मारत पळायचा तोच जुना गेम मी लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून सुरू केला होता. रिमोट तेवढा हवा होता. मी एका काळ्या, चकचकीत, बिनवायरच्या रिमोटकडे बोट दाखवलं.

"हा नाय देनार. जुन्या गेमला वर-खाली बानांची बटनं लागतात, नि वायर लागते. तुला काय शोकेसमधी ठेवायचाय?"

"वडील आजारी आहेत. त्यांना जरा चांगला हवाय."

"आजारी मानसाला तर अजिबात नाय."

दुकानातले लोक हसले. मी तणतणत बाहेर पडलो आणि हट्टाने अगदी तसलाच रिमोट ऑनलाइन मागवला.

वैशाखरे गावातल्या आमच्या घरी वडील पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. पडतच राहिले. मी शेजारी बसून "जमेल बाबा, जमेल" म्हणत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"माजा अंगठाच उशिरा पोचतो रे. ऱ्हाऊ दे आता."

त्या दिवसापासून त्यांनी हाताचा व्यायामही सोडला. घरात आम्ही सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागलो.

पुढे त्यांना मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा नाक मुठीत धरून मी लॅपटॉप आणि तो रिमोट घेऊन बारकूशेठकडे गेलो. वडील सोबत होते; त्यांचा अंगठा उशिरा पोचतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने रिमोट हातात घेतला, खेळायला लागला आणि त्याच पहिल्या खड्ड्यात पडला.

"बघ. बटन आता दाबलं, उडी मागून आली. वायर नाय ना. मंग माजा पन अंगठा गेला काय?" मग त्याने स्वतःचा झिजलेला, वायरवाला रिमोट लॅपटॉपला जोडून वडिलांच्या हातात कोंबला. "तू खेळ. मार उडी! अरे झोपलास काय, मार!"

"गप रे भाड्या! दिसतंय मला!" वडील ओरडले, त्यांनी खड्डा ओलांडला आणि बारकूशेठकडे बघून ते हसले.

कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. मी आभार मानायला लागलो, तर बारकूशेठ माझ्यावरच खेकसला, "ते ऱ्हाऊ दे. बापाला मेल्यावानी वागवू नको."

गेल्या वर्षी दुकान बंद करून तो शहापूरला लेकीकडे गेला. वडील त्याच्याच वायरवाल्या रिमोटवर रोज खेळतात, आणि दर आठवड्याला विचारतात, "तो तोंडाळ कुठंय रे?" मी विषय बदलतो. त्यांना पुन्हा हसवायचं होतं मला, आणि ते हसले त्याच्याकडे बघून. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.