गुंडीचे पेढे

खांदा आखडला म्हणून मी सोलापुरात फिजिओथेरपीला जायचो. तिथं मंगळवेढ्याकडचे एक म्हातारबा भेटायचे. लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमना ते मनसोक्त शिव्या द्यायचे.

एके सकाळी ते पेढे वाटत आले.

"नातू झाला काय?" मी विचारलं.

"न्हाय. गुंडी लावली. ह्या हातानं."

बघतो तर सदऱ्याची वरची गुंडी खालच्या काजात गेलेली. मी तसं सांगितलं.

"लागली की न्हाय?" ते म्हणाले. "सरळ लागल्यावर बर्फी देतो. समदं बरं व्हायची वाट बघत बसलो, तर तुमी माज्या तेराव्यालाच गोड खाल की."

"असलं अभद्र बोलू नका," मॅडम म्हणाल्या, पण पेढा चघळतच.