केवलराम पाटकऱ्याची किडनी

चोरखमाऱ्याच्या तलावातून निघणाऱ्या नहरावर केवलराम रहांगडाले पाटकरी होता. पाटकरी म्हणजे धानाच्या खाचरांना, तिकडच्या बोलीत बांध्यांना, पाळीपाळीनं पाणी सोडणारा माणूस. दिसायला काडीसारखा, पण गेट फिरवायची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघाला की मोठे मोठे शेतकरी आधी रामराम घालत. त्याचा धर्म एकच होता, ज्याची पाळी त्याचं पाणी. आधी पाणी मिळावं म्हणून कोणी कोंबडा पाठवला, तर तो आणणाऱ्याच्याच सायकलवर परत जाई. वर निरोप असे, "त्याले सांग, आता त्याची पाळी सगळ्याइच्या मांगून."

बावीस वर्षांत त्यानं पाळी मोडली ती एकदाच. उन्हाळी धान सुकत होतं, बायको दुर्गेश्वरी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती आणि बांधी तिच्या भावाची, भैय्यालालची होती. नहराच्या टेलवर, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, लीलाबाईचं दीड एकर होतं. तिचं एक दिवसाचं पाणी त्यानं मेहुण्याकडे वळवलं. ही गोष्ट घरच्या तिघांनाच माहीत होती. केवलरामला वाटे, वरच्यालाही.

पुढं त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, दिवसाला पाणी एक लिटर, त्याच्यावर घोट नाही. दुर्गेश्वरीनं बाटलीवर नेलपॉलिशनं रेषा मारल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाच गावांना पाणी वाटणारा माणूस ओसरीवर बसून बाटलीकडे पाहू लागला.

"एक घोट दे न वो."

"दुपारची पाळी बारा वाजता."

"घसा कोरडा पडून राहिला."

"लोकाइच्या बांध्या कोरड्या पडत, तवा तुमी देत होते का जी?"

तो उठून तोंडावर ओला गमछा फिरवी आणि तेवढ्यात जिभेनं त्याचा कोपरा चोखून घेई. दुर्गेश्वरी पाहून न पाहिल्यासारखं करी.

तिला स्वतःला शुगर, म्हणून तिची किडनी चालली नाही. भाऊ केवलरामला नव्हता. मग मेलेल्या माणसाची किडनी मिळेल तेव्हा मिळेल, म्हणून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नाव लिहून आले. तिथं नाव लिहून घेणाऱ्या समीक्षा मॅडम त्यांच्याच जिल्ह्यातल्या, सडक अर्जुनीकडच्या निघाल्या. त्यांनी नीट समजावलं. रक्तगट जुळला पाहिजे, डायलिसिस कधीपासून आहे ते पाहतात, वय पाहतात, मग नंबर लागतो.

"म्हणजे पाळीच की जी!" केवलराम खूश झाला. आपल्यासारखंच कोणीतरी तिकडेही पाळी सांभाळून बसलं आहे, या गोष्टीचं त्याला फार समाधान वाटलं.

भैय्यालालला मात्र वाटलं नाही. त्याचं तिरोड्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं आणि योग्य पाना लावला की सगळं ढिलं होतं, हा त्याचा आयुष्याचा अनुभव. नाव लिहून दीड वर्ष झालं तसा तो कोणाला न सांगता पिशवीत गावरान कोंबडा घालून रेल्वेत बसला. समीक्षा मॅडमच्या टेबलाखाली त्यानं पिशवी हळूच सरकवली. कोंबड्यानं दोन मिनिटं दम धरला. मग त्या गपगार हॉलमध्ये अशी बांग दिली की दारावरचा सिक्युरिटीवाला शिटी फुंकत आत धावला.

"हे काय आहे?" मॅडमनं विचारलं.

"प्रसाद समजा जी. आमच्या भाऊजीचा नंबर जराक पुढं..."

"यादी कंप्युटरमध्ये असते, काका. तो कोंबडा खात नाही."

केवलरामला कळलं तेव्हा त्यानं मेहुण्याशी बोलणं टाकलं आणि थेट मॅडमला फोन लावला. "मॅडम, त्या कोंबड्यापायी माहा नंबर पुढं सरकला असल त मांगं घ्या."

"नाही सरकला, काका."

"मांगं बी नाई न गेला?" हे त्यानं जरा हळूच विचारलं.

चैत्रातल्या एका दुपारी दुर्गेश्वरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती आणि नागपूरहून फोन आला. मॅडम म्हणाल्या, "काका, काही खाऊ नका. निघायची तयारी करा. पण आधी ऐका." फोन स्पीकरवर टाकला. भैय्यालाल समेट करायला आलाच होता, तोही कान देऊन बसला.

एका माणसाचं हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी होते ते सगळे उपाय केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. त्याच्या घरच्यांनी, त्याचीच इच्छा होती म्हणून, किडन्या दिल्या. त्याचं नाव सांगायचा नियम नव्हता.

"बंद पडलेल्या इंजिनाचा पार्ट कायले घ्याचा जी?" भैय्यालाल मधेच बोलला. "चालत्या इंजिनाचा येईल तवा पाहू."

"बहुतेक वेळा मेंदू मेलेला असतो आणि हृदय मशीनवर चालू असतं, तशा माणसाची किडनी मिळते," मॅडम म्हणाल्या. "ही तशी नाही. तपासली आहे, चांगली आहे. पण अशी किडनी उशिरा जागी होते. लघवी यायला आठ-दहा दिवस लागू शकतात, जास्तही. क्वचित ती जागी होतच नाही. तुम्ही नाही म्हटलं तरी यादीतलं नाव जाणार नाही."

"मी नाई म्हटलं त कोनाले जाईल?"

"यादीतल्या पुढच्याला."

आयुष्यभर लोक केवलरामकडे पाण्यासाठी भांडत आले होते. आलेलं पाणी नको म्हणणारा शेतकरी त्यानं पाहिला नव्हता.

दुर्गेश्वरीनं हात झटकले. "पानी बांधीशी आला त धुऱ्याची माती फोडून घ्याचा असते. उठा जी."

ऑपरेशन नीट झालं. पण लघवीची पिशवी कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी, पाचव्या दिवशी कोरडी. डायलिसिस चालूच. इकडे गावाला दुसरं काम उरलं नाही. सरपंचाचा फोन, हेडमास्तरचा फोन, नहरावरच्या शेतकऱ्यांचे फोन, आणि प्रश्न एकच, "आला का जी पानी?" बायांनी मारुतीच्या देवळात भजन ठेवलं. पुजाऱ्यानं विचारलं, कशासाठी? तर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

एकटा केवलराम निवांत होता. तो डॉक्टरांनाच समजावी, "अठरा किलोमीटरचा नहर आहे साहेब. गेट खोललं त त्याच दिवशी टेलले पानी जाते का? कोरडा नहर आधी सोता पेते." डॉक्टर हसत आणि कागदावर काहीतरी लिहून जात.

नवव्या दिवशी मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडला. दुर्गेश्वरीनं विचारलं, काऊन जी? तो म्हणाला, "त्या लीलाबाईचा पानी. तो मोजून राहिला वरून."

दुर्गेश्वरीनं लीलाबाईला फोन लावून त्याच्या कानाशी धरला.

"लीलाबाई, एक गोष्ट सांगाची होती. आठ सालाआधी, उन्हाळी धानाच्या टायमाले..."

"माहा पानी तुमच्या साळ्याले देला, तेच न?"

"तुले माहीत होता?"

"माह्याकडं नहर कोरडा दिसला त मी पाहत पाहत वर गेली. भैय्यालालच्या बांधीत पानी! मंग दुसऱ्या दिवशी तुमी जेवाले गेले तवा गेटात गोटा टाकून मीच दोन दिवसाचा पानी वळवून घेतला."

"दोन दिवसाचा?"

"एक माहा हक्काचा. एक तुमच्या लबाडीचा."

केवलरामचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या गेटवर आपल्याच नाकाखाली चोरी झाली होती आणि तो आठ वर्षं देवाला भीत होता. तो हसायला लागला, टाके दुखले तरी थांबेना.

"मंग आता बिनघोर मुता जी," लीलाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तरी पाणी लगेच आलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी नर्सनं वाकून पाहिलं आणि दुर्गेश्वरीला हाक मारली. पिशवीच्या तळाशी पिवळसर काहीतरी होतं. चहाच्या अर्ध्या कपाइतकंही नाही. दुर्गेश्वरीनं हात जोडले.

"पिशवीला काय हात जोडता, काकू?" नर्स म्हणाली.

"पिशवीले नाई," ती म्हणाली.

भैय्यालालनं गावात फोन केला तेव्हा देवळात भजन चालू होतं, ते मधेच थांबवून टाळ्या वाजल्या. दोन आठवड्यांत किडनी अशी कामाला लागली की डॉक्टर म्हणाले, आता दिवसाला तीन लिटर प्यायचं. दुर्गेश्वरीनं नव्या बाटल्यांवर नव्या रेषा मारल्या आणि आता केवलराम चुकवू लागला, ती मागं लागू लागली.

घरी आल्यावर एका सकाळी तो ओसरीवरून पाहत होता. दुर्गेश्वरी तुळशीला पाणी घालत होती. एक तांब्या रोजचा. मग तिनं आत जाऊन दुसरा आणला.

"हा कोनाचा वो?"

"ज्याचं नाव सांगत नाईत, त्याचा."

"दोन दोन तांबे? तुळस सडंल न."

"तुमी वाटला तेवढा पुरे झाला," ती तांब्या हळू ओतत म्हणाली. "हा पानी मी वाटतो. तुमी तुमची बाटली प्या, नवाची पाळी होऊन गेली."