किन्हीराजाची नाव, कारंज्याचा तलाव

ज्यांच्या गावाला बुडायपुरतंही पाणी नाही, त्यांनी नाव बांधू नये. हे मी आता सांगतोय. वर्षापूर्वी कोणी मला सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. आमच्या किन्हीराजाला विहिरी आहेत आणि एक नाला आहे, त्यालाही पावसाळ्यापुरतंच पाणी. मी इथल्या शाळेचा मास्तर. ओंकारेश्वरला एकदा नर्मदेत पाव तास नावेत बसलो आणि तेवढ्यावर जाणकार होऊन परतलो.

लाकूड घरातच होतं. सासऱ्यांनी पुढच्या दारासाठी सागवानी फळ्या पाठवल्या होत्या. तोवर आमच्या दाराला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची ताटी, आणि शेजारच्या शेळ्या ती ढकलून थेट चुलीपर्यंत यायच्या. दार काय, पुढच्या साली करू म्हणून मी फळ्या उचलल्या. आमची सौ. यमुना तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने अट घातली. कारंज्याचा तलाव तिच्या डोळ्यांदेखत या काठावरून त्या काठाला पार करायचा. जमलं तर नाव राहील, नाही तर तिथंच मोडून फळ्या घरी आणायच्या. मी छाती फुगवून हो म्हटलं. मला पोहता येत नाही, हा विषय त्या वेळी निघाला नाही.

बांधायला घेतली गोमाजी सुतारानं. गोमाजीनं जन्मभर बैलगाड्या केल्या. मी पाटीवर नाव काढून दाखवली तर त्यानं आधी विचारलं, चाकं कुठं बसवायची. चाकं नसतात हे कळल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. तरी काम चोख केलं. फटींत कापूस ठासला, वरून राळ आणि जवसाचं तेल. टोकाला मात्र सवयीनं एक लोखंडी कडी ठोकली. कशाला, म्हटलं, तर म्हणाला, "असू द्या मास्तर. कायले ना कायले बांदाले लागनच."

शिमग्याच्या सुटीत निघालो. गाडीवर नाव, नावेत यमुना, पुढे मी आणि गोमाजी. कोणाला जायचं असेल तर सांगून ठेवतो, उजाडायच्या आत निघा. सूर्य वर आला की फाल्गुनातही डोकं भणभणतं, आणि शेलूबाजारपर्यंत सावलीची झाडं मोजकी. सोबत भाकरी, ठेचा आणि कांदे असले म्हणजे कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. हरभरा निघाला होता, रानं मोकळी पडली होती, वाटेत जो भेटेल तो गाडी थांबवून गुरांची डोण कुठं नेता म्हणून विचारी. मी प्रत्येकाला नाव, वल्हं, पाणी असं सगळं समजावून सांगायचो. ते मान हलवायचे आणि जाताना गोमाजीला विचारायचे, पण बैल किती पितीन हिच्यात?

शेलूबाजारला बाजाराचा दिवस. वांगी-मेथी घेऊन बसलेला एक माळी उठून आला, नाव चारही बाजूंनी ठोकून पाहिली आणि मळ्यातल्या विहिरीजवळ डोण म्हणून ठेवायला मागू लागला. यमुना म्हणाली, "भाऊ, दोन दिवस थांबा. येताना मोकळ्या फळ्याच पाहा तुमी." मी पुढचा तासभर बैलांशीच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी अडाण नदी लागली. मोठ्या उमेदीनं उतरून पाहिलं तर पाणी घोट्याएवढं. बैल पाणी प्यायले, आम्ही पुढं निघालो, आणि दुपार टळता टळता कारंज्याला ऋषी तलावावर पोचलो. पाणी पाहून माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहत होत्या. चार माणसांनी नाव पाण्यात लोटली, मी ऐटीत बसलो. धोतर ओलं झालं. मग पाय. मग मी लोट्यानं पाणी उपसू लागलो, तर जेवढं काढावं त्याच्या दुप्पट आत. काठापासून दहा हातांवरून परत फिरलो. दोन दिवसांच्या उन्हानं फळ्या सुकून प्रत्येक फट उघडली होती.

यमुना नुसती फळ्यांकडे पाहत होती, आणि मला तर दारच दिसू लागलं.

गोमाजी मात्र हसत होता. "मास्तर, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली का आपन काय करतो? चाक पान्यात घालून ठेवतो. लाकूड फुगते, धाव आवळते. हिले बी बुडवा रातभर."

अशा रीतीनं, जी नाव तरंगवायला मी एवढा खटाटोप केला, ती भर गर्दीत स्वतःच्या हातांनी दगड भरून बुडवली. धुणं धुणारी एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, शिकेल-सवरेल मानूस दिसते.

सकाळी दगड काढले, पाणी उपसलं, आणि काय सांगू, थेंबसुद्धा आत येईना. मी वल्हं मारायला लागलो. एका बाजूनं मारलं की नाव गोल फिरे, दुसऱ्या बाजूनं मारलं की उलटी गोल फिरे. तलावाच्या मध्यापर्यंत मी कारंजं चारही दिशांनी पाहून घेतलं. तिथं वारा सुटला, नाव कलली, खाली हिरवं पाणी दिसलं आणि वल्हं मांडीवर टाकून मी नावेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. भीती वाटली, सरळ सांगतो. काठाकडे पाहिलं तर यमुना जागेवर नव्हती. कंटाळून गेली असेल असं वाटलं आणि त्या रागात मी उरलेलं पाणी कसंबसं कापलं.

पलीकडच्या काठाला नाव टेकली, तर समोर यमुना. काठाकाठानं अर्धा तलाव पळत आली होती. केस सुटलेले, पाय चिखलानं भरलेले, धाप लागलेली, आणि हातात बैलांचा कासरा. दहा हातांचा असेल नसेल तो दोर, आणि तलाव केवढा.

"तुमाले पोयता येत नाई," ती म्हणाली. "मले काय मालूम नाई काय?"

कडीला कासरा बांधून तिनंच नाव ओढून घेतली. मग म्हणाली, "पार झाले ना. ठेवा आता नाव."

परतीच्या वाटेवर कोणी डोण म्हटलं तरी मी समजावत बसलो नाही. घरी पोचलो तर ताटी आडवी पडलेली आणि शेळी चुलीजवळ. मी गोमाजीला नाव मोडून दार करायला सांगितलं. तो नाराज झाला, चांगली चालली की, म्हणाला. यमुनेनं एकदाच विचारलं, काहून. मी शेळीकडे बोट दाखवलं.

आता दार झालंय. जागोजागी खिळ्यांची भोकं आहेत, उन्हात तापलं की राळेचा वास येतो, आणि पावसाळ्यात ते असं फुगतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. गोमाजीनं ठोकलेली कडीच दाराला लावलीय. बैलांना दुसरा कासरा आणला, कारण जुना यमुनेनं त्या कडीला अडकवून ठेवलाय. पाहुणे विचारतात, दाराला दोर कशाला? ती माझ्याकडे पाहते आणि म्हणते, "राहू द्या. याइचा काय भरोसा."