राष्ट्रगीतानंतरचं आमेन

आमच्या मामाचे पाय कधी स्वस्थ नसतात. आठवडाभर दुकानात लोकांची शिलाई मशिनं दुरुस्त करायची, पॅडल मारून मारून बघायची, आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. म्हणून सगळं गाव त्याला पायपेटीमामा म्हणतं. मामीच्या मते तो झोपेतही पाय हलवतो आणि चादर रोज सकाळी जमिनीवर सापडते.

गावच्या सभागृहातही एक जुनी पायपेटी आहे. तिच्या नादाला दुसरं कुणी लागत नाही, त्यामुळे राष्ट्रीय दिनाला राष्ट्रगीत वाजवायचा मान मामाचा. त्या दिवशी तो असा कडक इस्त्रीत निघतो की मामी म्हणते, "लग्नात एवढे नटला नव्हतात!" त्यातून गेल्या वर्षी ताई, म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, सैन्यात थेट सीमेवर. तिच्यासाठी मामा रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि संध्याकाळी बातम्यांना डोळे लावून बसतो.

त्या वर्षी घोटाळा झाला. राष्ट्रगीत झकास वाजलं. लोक खाली बसणार, एवढ्यात मामाच्या बोटांनी आपल्या मनानेच आणखी दोन सूर लांबवले. चर्चमध्ये गीताच्या शेवटी आमेन गातात ना, त्याचे. एवढ्यावर निभावलं असतं. पण पुढच्या रांगेतल्या आमच्या चर्चच्या चार बायका सवयीने खणखणीत गायल्याही, "आ-मेन!" त्यांत माझी आई सगळ्यात मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे अध्यक्ष तणतणत दुकानात आले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब आधीच स्टुलावर बसले होते, तेही घुश्शातच. मी मशीनचा पट्टा न्यायला गेले होते, तो हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"राष्ट्रगीत म्हणजे तुमच्या चर्चचं गाणं नाही," अध्यक्ष म्हणाले. "लोक विचारताहेत, ह्या माणसाची निष्ठा नक्की कुठे? पुढच्या वेळी दुसरा कुणीतरी बघू."

"आणि तुम्ही देशालाच देवाच्या जागी नेऊन बसवलंत," पाळकसाहेब म्हणाले. "देव वेगळा नि देश वेगळा, हे पटत नसेल तर चर्चच्या पेटीवर तरी कशाला बसता?"

म्हणजे दोन्हीकडून मामाचा पत्ता कट. मला त्या दोघांचा भयंकर राग आला. मामा एरवी काहीही हसण्यावारी नेणारा, पण त्या दिवशी त्याने तेलाची बुदली आपटली.

"माझी पोर तिथे सीमेवर उभी आहे, अध्यक्षसाहेब. आणि ती सुखरूप घरी यावी म्हणून मी गुडघे टेकतो, पाळकसाहेब. राष्ट्रगीत वाजवताना मला तीच दिसते. आता यात देश कुठे संपतो नि देव कुठे सुरू होतो, मी कात्री कुठे लावू, ते तुम्हीच दाखवा!"

मग मामाच नरमला.

"पण चूक माझीच. ते गाणं सगळ्यांचं आहे. आमेन न म्हणणारेही तिथे उभे असतात, त्यांच्या गळ्यात माझी प्रार्थना कशाला? यापुढे गाणं संपलं की हात खाली. मला म्हणायचं ते मी मनात म्हणेन."

पाळकसाहेबांनी मान हलवली. अध्यक्ष जाता जाता पुटपुटले, "ठीक आहे. एक संधी देतो."

पुढच्या राष्ट्रीय दिनाला अध्यक्ष पेटीशेजारीच पहाऱ्याला उभे राहिले. ताई अजून सीमेवरच होती, आणि आठवडाभर तिचा फोन नव्हता. मामाने शेवटचा सूर सोडला आणि हात उचलून मांडीवर ठेवले. आईने तोंडावर रुमाल दाबून धरला होता, न जाणो! मामाने डोळे मिटले. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते.

लोक ताटकळत उभे. अध्यक्षांनी खिशातून भाषण काढलं, मामाकडे पाहिलं आणि ते चष्मा पुसत राहिले. चष्मा आधीच चांगला लख्ख होता. मामाने डोळे उघडल्यावरच त्यांनी लोकांना खाली बसायला सांगितलं.