बाबाच्या वाट्याची गोळी

माहा भाऊ नत्थू गाढव आहे, अन् माहा बाप त्याच्याहून मोठं गाढव. बापाले असं म्हणू नये म्हणतात. मी म्हणते.

आमचे बाबा, रामाजी, जन्मभर कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. नोकरी सुटल्यावर नंदनवन वस्तीत दोन खोल्या बांधल्या अन् एकच घोर लावून घेतला, नत्थूचं लग्न. पोरगा सरकारी नोकरीत, स्वभावानं गरीब, पण तिशीच्या आतच कपाळ थेट टाळूपर्यंत गेलेलं. सत्त्याऐंशी साली कन्हानचे पाहुणे आले, त्यांनी सर्वांदेखत विचारलं, "हे नवरदेव, की नवरदेवाचे काका?" जिभेले काही हाड! तुमची पोरगी का त्याच्या केसावर भाकर थापणार होती?

मग नत्थूनं तेलं चोपडली, कांद्याचा रस चोळला. घरभर वास, अन् डोक्यावर काही नाही. उगवलं ते बाबाच्या तोंडावर! त्यांचं बीपी कशानंच उतरत नव्हतं म्हणून डॉक्टरनं नवी कडक गोळी देली होती. ती सुरू झाल्यापासून म्हाताऱ्याच्या गालावर, कानावर, टकलावर काळी लव फुटली. नत्थू तीच गोळी मागायले धावत डॉक्टरकडे गेला. मीही संगं होती.

डॉक्टर म्हणाले, "केस येतील. पण छाती धडधडेल, पाय सुजतील, हृदयाभोवती पाणी साचू शकतं. अन् गोळी थांबली की केसही जातील. तुमच्या वडिलांना ती जगण्यासाठी दिली आहे. केसांसाठी मी देणार नाही."

घरी आल्यावर नत्थू तेच तोलत बसला. "पाय सुजले तं सुजले, यमुताई. लग्न तं होईल."

"अन् छाती बंद पडली तं?" मी ओरडली. "बोहल्यावर तिरडी बांधू का तुही?"

बाबा खाटेवर पडून ऐकून राहिले होते.

दिवाळीपर्यंत नत्थूच्या टाळूवर लव दिसू लागली. कामठीच्या पाहुण्यांनी होकार देला, साक्षगंध ठरलं. मले वाटलं, कांद्यानं गुण देला! बाबाच्या गालावरची लव झडली तेव्हा म्हटलं, बरं झालं, पिडा गेली. रोज सकाळी बाबाच्या हातावर गोळी मीच ठेवत होती. खरं कळलं ते मागाहून: म्हातारा ती गालात दाबून धरे, मी चुलीकडे वळली की काढून, पुसून नत्थूले देई. "डॉक्टरनं तुह्यासाठी चुपचाप देली, यमुले सांगू नको," म्हणे. अन् हा शहाणा एका शब्दानं न विचारता गिळे.

साक्षगंधाच्या आधीच बाबा अंगणात कोसळले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "गोळी बंद केली होती का?" मी म्हटलं, नाही. तेव्हा नत्थूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. "मले काय माहीत, ताई, ती बाबाची होती म्हणून!"

"एकाच घरात एकाच रंगाची गोळी, अन् तुले माहीत नाही?" दवाखान्यात, सर्वांदेखत मी त्याच्या थोबाडीत देली. आजही देईन.

तो निघून गेला. आला तो डोकं तासून, पार गोटा. "नको मले हे केस," म्हणून रडून राहिला. अरे, पण बाप जिता असताना पोरगं डोकं भादरते का गा? आमच्यात बाप मेल्यावर मुंडण होते! भेटायले आलेल्या शेजारच्या तुळसाबाईनं "राम राम" म्हणून तोंडच फिरवलं. मी त्याले बाहेर ढकलून राहिली होती, तेवढ्यात बाबानं डोळे उघडले.

नत्थूच्या डोक्याकडे पाहतच राहिले. मग वाकड्या तोंडातून शब्द आले, "यमू... मी गेलो का वं?"

"नाही गेले तुमी," मी म्हटलं. "तोंड उघडा." गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, अन् ती घशाखाली उतरेपर्यंत त्यांची हनुवटी सोडली नाही.