महालक्ष्म्यांचे दोन मुलगे

त्या वर्षी भाद्रपदात मी देवीवर चिडलेलो होतो. जन्मापासून आमच्या रायपूरच्या, तात्यापाऱ्यातल्या घराला मी मुलगी म्हणून ठाऊक. मी मुलगा आहे हे फक्त मला आणि देवीला माहीत. वर्षभर माझं मागणं एकच, आईबाबांना सांगायचं बळ दे. बळ यायचं, पण मी वेळ अशी निवडायचो की देवीनंही कपाळाला हात लावावा. आई वडे तळत असताना म्हणालो, "आई, मी पोरगी नाही." ती म्हणाली, "हव, घोडी झालीस. झारा दे इकडे." रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाबांना म्हणालो, "बाबा, मी मुलगा आहे," तर ते गहिवरले. "मंग काय. मी सगळ्यांले हेच सांगतो, पोट्टी नाही, पोट्टाच आहे माझा." वर शेजारच्या भैयांना हाक मारून तेच पुन्हा ऐकवलं. याहून स्पष्ट कसं सांगायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात सणाला आलेल्या नागपूरच्या काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. महालक्ष्म्या उठल्या की पाहुणे बघायला येणार होते. म्हणजे सण संपायच्या आत बोलणं भाग होतं.

आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात आणि त्यांच्यापुढे त्यांची दोन बाळं बसतात, एक मुलगा, एक मुलगी. बाळं सजवणं माझ्याकडे. चेहरे अगदी सारखे. सदरा-टोपी घातली की मुलगा, परकर-पोलकं घातलं की मुलगी. सजवताना मी मनात आईपुढचं भाषण घोकत होतो. भाषण फार सुंदर जमलं. पूजा झाली, सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवला, आरती सुरू झाली आणि काकूंनी चष्मा लावला. दोन्ही बाळं सदरा-टोपीत. एकाच्या अंगात मागच्या वर्षीचा जुना सदरा, आणि परकर माझ्या खांद्यावर. फडकं समजून मी त्याला सकाळपासून हात पुसत होतो.

"हे काय करून ठेवलं वं? यातली पोरगी कुठी गेली?" म्हणत काकू कपडे बदलायला पुढे झाल्या. आईनं त्यांचा हात धरला. "बसल्यावर हलवत नाहीत. त्यांची लेकरं त्यांले ठाऊक."

आई फक्त रीत सांगत होती. पण माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. भरल्या घरात मी म्हणालो, "आई, मी खरंच मुलगा आहे. मस्करी नाही करून राहिलो. त्या पाहुण्यांले नको बोलावू."

बाबा खाली बघत राहिले. आईचे डोळे भरले, पण तिनं आरती पुरी केली. मग पुरुषांची पंगत बसली. दरवर्षी मी वाढायचो. आईनं माझ्या हातातलं वरणाचं पातेलं काढून घेतलं आणि बाबांशेजारच्या पाटाकडे बोट केलं. "बस. पुरण थंडं होऊन राहिलं." बाबा थोडे सरकले. मी बसलो, आणि काकूंचं म्हणणं होतं की पुरणात गूळ जास्त झाला.

पाहुणे आले नाहीत. सगळं सुरळीत झालं असंही नाही. आई अजून जुन्या नावानं हाक मारते, मग जीभ चावते. काकू फोनवर उपास सुचवतात. ती चूक देवीनं करवली की माझ्या धांदरटपणानं, यावर मी वाद घालत नाही. आता तिच्यापुढे गेलो की कसं करायचं ते तिला शिकवत नाही. हात जोडतो आणि म्हणतो, माय, तुझ्या मनाला येईल तसं कर. जरा लवकर कर, एवढंच.