बेगडेवाडीच्या बाकावर

आधीच सांगते, मी बरी झालेली नाही. त्यामुळे याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि थकवा जो आला तो गेलाच नाही. वेणी घालायची म्हटली तरी हात भरून येतात. रिपोर्ट सगळे नॉर्मल, म्हणून डॉक्टरांनी पुण्याला समुपदेशक बाईंकडे धाडलं. बाई गोड बोलायच्या. थकवा मनात आहे, रोज पाच मिनिटं जास्त चाला, किती चाललात ते वहीत लिहा. मी हट्टानं चालायची आणि मग तीन दिवस अंथरुणातून उठायची नाही. ते सांगितलं की म्हणायच्या, तुम्हीच आजाराला धरून बसलाय. अशी तिडीक जायची डोक्यात! पण घरी आल्यावर मीच स्वतःला विचारायची, खरंच सोंग करतेय का मी? विहारात जाणंही सोडलं. वंदनेला गुडघे टेकले की उठवत नसे, आणि लोक बघायचे.

एका पौर्णिमेला लोणावळ्याहून लोकलनं बाईंकडेच निघाले होते. बेगडेवाडी येईतो बसवेना. उतरले आणि फलाटावरच्या बाकावर सरळ आडवी झाले. लाज, राग, रडू, सगळं एकदम. पांढऱ्या साडीतली एक मावशी, विहारात निघालेली, उशाशी येऊन बसली. काय झालं म्हणून विचारलं नाही. पिशवीतली चादर घडी करून डोक्याखाली सारली. पुढची गाडी आली तशी मी धडपडत उठू लागले. तिनं खांद्यावर हात ठेवला.

"पडून ऱ्हा बाय. अंगात न्हाई तर न्हाई. त्यात तुजा काय गुन्हा?"

दोन वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. मी हमसून हमसून रडले. गाडी गेली. मावशी तिथंच हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागली, बुद्धं सरणं गच्छामि. मीही म्हणाले, आडवीच. हात जोडायचं त्राण नव्हतं, तर तिनं माझे तळवे आपल्या हातांत जुळवून धरले. मग परतीच्या गाडीत बसवून दिलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या भेटीत वही बाईंपुढे ठेवली. त्या दिवसाच्या रकान्यात एवढंच होतं, 'आज थांबले.' म्हटलं, बरं व्हायला झटायची हिंमत आहे माझ्याकडे, पण मी आजारी आहे एवढं आधी माना. त्यांनी अजून मानलेलं नाही. माझी चिडचिडही गेलेली नाही.

पण विहारात पुन्हा जाते. सतरंजीवर आडवी होते. लोक बघतात, बघू देत. शरण जायचं तर आधी ताठ उभं राहावं लागतं, असं मला वाटायचं. तसं काही नसतं. हात जोडवत नाहीत त्या दिवशी शेजारची कोणीतरी ते धरते, आणि वंदना संपल्यावर सगळे म्हणतात तसं मी मनातल्या मनात त्या मावशीसाठी म्हणते, साधु, साधु, साधु.